कड्याची उंची आणि पल्ल्याचा भ्रम

कर्जत-खालापूर पट्ट्यात दोर घेऊन फिरणाऱ्या मंडळींत एक मत आता सिद्धान्ताच्या थाटात वावरते. ते असे: कड्याची उंची मोजायची तर लेझर रेंजफाइंडर घ्यावा. घ्यायचाच तर जास्तीत जास्त पल्ल्याचा घ्यावा. समोर उभे राहून कड्याच्या माथ्यावर नेम धरावा, कळ दाबावी आणि पडद्यावर दिसेल तो आकडा वहीत उतरवावा. खोक्यावर ‘अधिक-उणे एक मीटर’ असे छापलेले असते, तेव्हा उंचीही एका मीटरपर्यंत बिनचूक मिळाली असे समजावे आणि मग दोर, दाबमापक, कोनमापक या जुन्या साधनांना रजा द्यावी.

हे मत मांडणारे लोक अडाणी नाहीत. त्यांच्यातले कित्येक जण कातळावर माझ्याहून सरस आहेत. पण मत चूक आहे, आणि या चुकीची किंमत चूक करणाऱ्याला नव्हे, तर दोराच्या टोकाला लटकलेल्या माणसाला मोजावी लागते. म्हणून हे खंडन.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष पाडण्यात काही अर्थ नाही.

लेझरचे समर्थक विचारतात, आजवर उंची कशी सांगितली जायची? कुणी दगड सोडून सेकंद मोजायचे. कुणी ‘शंभराचा दोर पुरला नाही’ एवढ्यावर भागवायचे. कुणी गडाच्या पायथ्याच्या फलकावरची समुद्रसपाटीपासूनची उंचीच कड्याची म्हणून ठोकून द्यायचे. त्यापेक्षा प्रकाशाच्या वेगावर चालणारे यंत्र केव्हाही भरवशाचे. प्रकाश सेकंदाला 29,97,92,458 मीटर जातो, त्यात कुणाच्या अंदाजाला जागा नाही. स्पंदन गेले, कातळावर आपटून परतले, मधला वेळ मोजला, अंतर मिळाले. मोठा पल्ला कशासाठी? तर आपला कातळ काळा, पावसाळ्यात ओला. त्याच्यावरून प्रकाश कमी परततो, म्हणून ताकद हाताशी जास्तच असावी. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, दरीपलीकडच्या सुरक्षित जागेवरून मोजता येते. कड्याच्या काठावर ओणवे होऊन खाली डोकवावे लागत नाही.

यातले बरेच खरे आहे. दगडाबद्दलचा आक्षेप तर पुरेपूर खरा आहे. शंभर मीटरच्या कड्यावरून दगड सुटला की हवेचा अडथळा सोडून दिला तरी खाली पोचायला त्याला साडेचार सेकंद लागतात, आणि आपटल्याचा आवाज वर यायला आणखी सुमारे पाव सेकंद. एकूण 4.8 सेकंद धरून गणित केले तर उत्तर येते 113 मीटर. हवेचा अडथळा धरला तर फुगवटा आणखी वाढतो. त्यात घड्याळाची कळ दाबायला पाव सेकंद उशीर झाला, तर तळाशी दगडाचा वेग सेकंदाला चाळीस मीटरच्या वर असल्याने आणखी दहा मीटर वाढले. आणि खाली गुरे चारणारा कुणी असला तर? ही पद्धत कायमची बंद व्हावी, याबद्दल माझा आणि पूर्वपक्षाचा एक शब्दाचाही मतभेद नाही.

फलकावरच्या आकड्याबद्दलही तेच. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि कड्याची उभी भिंत यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरवर आहे, म्हणून तिथल्या एखाद्या पॉइंटखाली 800 मीटरचा कडा आहे असे कोणी म्हणेल काय?

मग वाद कुठे आहे? वाद इथे आहे: हे यंत्र उंची मोजत नाही.

ते मोजते तिरपे अंतर. तुमच्या डोळ्यापासून कातळाच्या एका ठिपक्यापर्यंतचे. सोबत आत बसवलेला एक छोटा कोनमापक यंत्र किती कललेले आहे ते सांगतो. या दोन आकड्यांवरून यंत्र उंचीचा हिशोब करते. म्हणजे पडद्यावरची उंची ही दोन साक्षीदारांच्या जबानीवरून काढलेला निष्कर्ष असतो. खोक्यावर छापलेली अचूकता त्यांतल्या एकाच साक्षीदाराची असते, अंतराची. दुसरा साक्षीदार कितपत खरे बोलतो हे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते, किंवा नसतेच.

आता आकडे पाहा आणि वाचकांनीच निवाडा करावा. कड्यापासून आडव्या अंतराने 400 मीटरवर उभे आहोत असे समजू, आणि माथा 20 अंशांवर दिसतो आहे. अंतरात एका मीटरची चूक झाली, तर उंचीत ती फक्त 34 सेंटिमीटर होऊन उतरते. कोनात एका अंशाची चूक झाली, तर उंचीत जवळजवळ 7 मीटर. पाव अंशाची चूक झाली तरी पावणेदोन मीटर. अधिक पैसे मोजून अंतराची चूक एका मीटरवरून तीस सेंटिमीटरवर आणली, तर उंचीत लाभ झाला पाव मीटरचा. तेच पैसे कोनमापकावर खर्च करून चूक एका अंशावरून पाव अंशावर आणली, तर लाभ पाच मीटरहून अधिक. यातला कोणता सौदा शहाणपणाचा?

नियम तोंडपाठ करण्याइतका सोपा आहे. कोनातल्या प्रत्येक अंशाच्या चुकीमागे, आडव्या अंतराच्या दर शंभर मीटरला, उंची पावणेदोन मीटरने बिघडते. मग जितके लांब उभे राहाल तितके कोनाच्या कृपेवर अवलंबून राहाल. ‘लांबून मोजता येते’ हाच ज्याचा मुख्य गुण म्हणून सांगितला जातो, तो मोठा पल्ला तुम्हाला नेमका त्या जागी नेऊन उभा करतो जिथे तुमचा दुबळा साक्षीदार सगळ्यांत मोठ्याने बोलतो.

उंचीच्या कामात अंतरापेक्षा कोनाला आणि पातळीला मान देण्याची रीत या मुलुखात नवीन नाही. बोरघाटातला रेल्वेमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. जेम्स बर्कलेच्या देखरेखीखालच्या आखणीत सोळा मैलांहून थोड्या कमी अंतरात 1,831 फूट चढायचे होते, आणि सर्वांत तीव्र चढ 37 फुटांना एक फूट. हे लेझरविना, थिओडोलाइट आणि लेव्हलवर झाले. कोनात आणि पातळीत ढिलाई असती, तर दोन तोंडांनी खणलेले बोगदे मध्ये भेटलेच नसते. पुढे 1915 मध्ये खोपोलीचे आणि 1922 मध्ये भिवपुरीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. खोपोलीला पाणी 500 मीटरहून अधिक उंचीवरून नळांतून खाली येते, आणि यंत्रांची सारी ताकद त्या उभ्या उंचीच्या हिशोबावर ठरते. आपल्या डोळ्यांसमोरच्या याच घाटभिंतीची उभी मापे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इतक्या काटेकोरपणे घेतली गेली. आज हातात लेझर असताना आपण सात मीटरची सूट का घ्यावी?

पूर्वपक्षाचे उत्तर मला ठाऊक आहे. ‘यंत्राचा कोनमापक एक अंशाने चुकत असेल तर ती यंत्राची खोड, आम्ही काय करणार?’ पुष्कळ करता येते. माथ्यावर एकच नेम धरायची सवय सोडावी.

एकच नेम धरला की मिळणारी उंची तुमच्या डोळ्याच्या पातळीपासूनची असते, कड्याच्या पायापासूनची नव्हे. हा पहिला दोष. पाया तुमच्याहून वीस मीटर खाली असला, तर ते वीस मीटर हिशोबातून गळालेच. दुसरा दोष असा की कोनमापकाची खोड पूर्णच्या पूर्ण उत्तरात शिरते. आता दोन नेम धरा, एक माथ्यावर, एक पायावर, आणि दोन्हींचे तिरपे अंतर व कोन वेगवेगळे घ्या. वरच्याच उदाहरणात पाया 3 अंश खाली दिसतो असे धरू. खरी उंची येते 166.5 मीटर. आता कोनमापक एक अंशाने जास्त दाखवतो आहे असे समजून पुन्हा हिशोब करा: माथ्याची उंची सात मीटरने फुगते, पायाची खोली सात मीटरने आटते, आणि बेरीज पुन्हा 166.5 मीटरच. उभ्या कड्यावर यंत्राची कायमची खोड दोन नेमांत स्वतःच फिटते. याला नशीब म्हणत नाहीत, भूमिती म्हणतात. तेव्हा यंत्र घेताना विचारायचा प्रश्न हा की, त्यात दोन बिंदूंमधली उभी उंची काढण्याची सोय आहे काय? नसल्यास निदान तिरपे अंतर आणि कोन हे दोन्ही आकडे वेगवेगळे दिसतात काय? दिसत असतील तर बाकीचा हिशोब मोबाइलवरही होतो. हजार मीटरचा पल्ला असून ही सोय नसलेले यंत्र आपल्या कामाला निम्मे निकामी आहे.

दोन नेमांनी हाताचा थरकाप मात्र फिटत नाही, तो दर वेळी नवा असतो. पाव अंश हात हलला की चारशे मीटरवर पावणेदोन मीटर, दोन नेमांत मिळून अडीचच्या आसपास. त्याला औषध एकच, तिवई. यंत्राच्या बुडाला तिवईचा आटा आहे का, हे दुकानात उलटे करून पाहावे. मला विचाराल तर हा आटा पल्ल्यातल्या पाचशे मीटरहून मोलाचा आहे.

इथवर मी कड्याला एकच उंची असते असे धरून चाललो. तशी ती नसते, आणि पूर्वपक्षाचा सर्वांत खोल दोष इथे आहे.

आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा आहे. घट्ट बेसाल्टचा थर सरळ तुटतो, त्याचा कडा होतो. दोन थरांच्या मध्ये पोकळ्यांनी भरलेला भुसभुशीत दगड असतो, कुठे लाल भाजल्या मातीसारखा पट्टा असतो. तो लवकर झिजतो आणि तिथे टप्पा पडतो. ढाकच्या बहिरीच्या कड्याकडे किंवा राजमाचीच्या बाजूने उल्हासच्या खोऱ्यात उतरणाऱ्या भिंतींकडे लांबून पाहा: उभी भिंत, मग गवताची आडवी रेघ, पुन्हा भिंत. प्रत्येक रेघ म्हणजे टप्पा, आणि टप्पा म्हणजे दोर अडकण्याची, दगड सुटण्याची, माणूस आपटण्याची जागा. माथ्यापासून तळापर्यंतची एकूण उंची नकाशावाल्याच्या कामाची. दोरवाल्याला आणि उडीवाल्याला हवा असतो माथ्यापासून पहिल्या टप्प्यापर्यंतचा आकडा, मग दुसऱ्यापर्यंतचा, मग तिसऱ्यापर्यंतचा.

जगभर कड्यांवरून पॅराशूट घेऊन उडी मारणारे बेस जम्पर याबाबतीत आपल्यापेक्षा फार कडक आहेत. या खेळाला आजचे रूप आले ते 1978 मध्ये, कार्ल बोनिश आणि त्याच्या साथीदारांनी कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटनवरून मारलेल्या उड्यांपासून. तिथे जागेची उंची विचारली की ती तळापर्यंतची सांगत नाहीत, जिथे शरीर पहिल्यांदा आपटू शकेल त्या जागेपर्यंतची सांगतात. शंभर मीटरचे पडणे साडेचार सेकंदांचे असते, आणि त्यातल्या शेवटच्या पाव सेकंदात दहा मीटर जातात. एकूण उंची बरोबर मोजली आणि मधला टप्पा मोजायचा राहिला, तर बरोबर मोजलेल्या उंचीचा उपयोग काय?

इथे आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे, जी ‘अधिक-उणे’ म्हणणारे लोक बोलत नाहीत. चुकीला दिशा असते. उडी मारणाऱ्याला उंची खरी आहे त्याहून जास्त वाटली तर तो मरतो. रॅपलिंग करणाऱ्याला उंची खरी आहे त्याहून कमी वाटली तर दोर तोकडा पडतो, आणि टोकाला गाठ नसेल तर तोही मरतो. एकच यंत्र, एकच कडा, एकच पाच मीटरची चूक, पण एकाला घातक ठरते ती वरची आणि दुसऱ्याला खालची. मग उत्तराच्या पुढे नुसते ‘अधिक-उणे’ लिहून कसे भागेल? दोराचा हिशोब करताना चुकीची सगळी रक्कम उंचीत मिळवावी, उडीचा करताना सगळी वजा करावी. मोजणाऱ्याने आकड्यासोबत तो कशासाठी घेतला हेही वहीत लिहिले पाहिजे.

आता यंत्राच्या कळांकडे. बाजारात सहज आणि स्वस्त मिळणारे रेंजफाइंडर बहुतेक गोल्फवाल्यांसाठी किंवा शिकाऱ्यांसाठी केलेले असतात. गोल्फच्या यंत्रात उतार धरणारी जी सोय असते ती खेळाडूला सांगते की हा फटका किती लांबीचा समजून मारावा. चढावर अंतर वाढवून सांगते, उतारावर घटवून. तो आकडा तिरपे अंतर नव्हे, आडवे नव्हे आणि उभे तर नव्हेच. शिकारीच्या यंत्रातली कोन धरणारी सोय गोळी किंवा बाण कुठे पडेल यासाठी आडव्या अंतराकडे झुकते. हे आकडे आपापल्या कामाला चोख आहेत. कड्याच्या वहीत ते उतरवले तर मात्र अनर्थ होतो, कारण पडद्यावर तोही आकडा ‘मीटर’ म्हणूनच दिसतो.

त्यातही एक बारकावा. गोल्फच्या यंत्राला झेंड्याची काठी पकडायची असते, म्हणून ते जवळची वस्तू आधी धरते. शिकारीच्या यंत्राला झुडपाआडचे जनावर हवे असते, म्हणून ते लांबची वस्तू धरू शकते. आपल्या कड्यांसमोर काय असते? कारवी, करवंदीच्या जाळ्या, कातळाच्या फटीत उगवलेला उंबर. जवळची वस्तू धरणारे यंत्र तुम्हाला करवंदीचे अंतर सांगते आणि तुम्ही ते कातळाचे समजता. पण लांबची वस्तू धरणारे यंत्रही सर्वत्र बरे नव्हे. किरण सुईसारखा बारीक नसतो, लांब गेला की पसरतो. दोन-तीनशे मीटरवर त्याचा ठिपका अर्ध्या मीटरहून मोठा होऊ शकतो. इर्शाळगडाच्या नेढ्याच्या काठावर नेम धरा: ठिपक्याचा एक भाग कातळावर, दुसरा नेढ्यातून आरपार. माथ्याच्या धारेवरही तसेच, अर्धा ठिपका धारेवर, अर्धा मागच्या रानावर. यंत्राला ‘लांबचे धर’ सांगितले असेल, तर ते मागचे रान धरेल, आणि पल्ला जितका मोठा तितके मागचे रान धरण्याची त्याची कुवत मोठी. म्हणून दोन्ही प्रकार निवडता येतील असे यंत्र हवे, आणि नेम धारेवर न धरता धारेच्या किंचित खालच्या उघड्या कातळावर धरून वरचे हातभर अंतर अंदाजाने मिळवावे.

पल्ल्याच्या बाजूने जे न्याय्य आहे ते मान्य करतो. जाहिरातीतला पल्ला चकचकीत परावर्तकावरचा असतो. झाडावर, आणि विशेषतः काळ्या ओल्या बेसाल्टवर, तो बराच घटतो, अर्ध्यावरही येऊ शकतो. म्हणून छापील हजार-बाराशे मीटरचे यंत्र घ्यायला हरकत नाही. त्यातून चारशे-पाचशे मीटरपर्यंत भरवशाचा परतावा मिळावा. पण त्याच्या पुढे? ज्या कड्याचा एकेक टप्पा आपल्याला हवा आहे त्याच्यासमोर पाचशे मीटरहून लांब उभे राहण्याची वेळ येऊ नये, आणि आली तर कोनाचा वरचा नियम आठवावा. दीड-दोन हजार मीटरच्या पल्ल्यासाठी मोजलेला पैसा या कामात वाया जातो.

फार जवळ जाणेही तितकेच वाईट. कोंडाणे लेण्यांच्या अंगणात उभे राहून वर यंत्र धरणाऱ्याला कड्याची खरी धार दिसतच नाही. पुढे आलेला कातळ ती झाकतो, आणि त्या फुगवट्यालाच माथा समजून नेम धरला जातो. झाडे मोजणारे लोक झाडाच्या उंचीइतके लांब उभे राहतात. कड्यालाही हेच माप बरे: उंचीइतके किंवा दीडपट. शंभर मीटरच्या कड्यासमोर शंभर-दीडशे मीटर. तिथे कोन आणि अंतर दोघांच्याही चुका आवाक्यात राहतात आणि टप्पेही सुटे दिसतात.

ओल्या दिवसांबद्दल थोडक्यात. धबधब्यांचा हंगाम हाच रॅपलिंगचा हंगाम, म्हणून मोजमापही पावसाळ्यातच उरकायचे असा प्रघात आहे. धुक्यातले थेंब स्वतःच प्रकाश परत पाठवतात आणि यंत्र धुक्याचे अंतर सांगते. धबधब्याच्या तुषारांवर नेम धरला की तेच. पाण्याखाली कातळ तोच असतो. दिवाळीनंतर, गवत पिवळे पडल्यावर, आभाळ स्वच्छ असताना मोजा. पावसाळ्यात फक्त तळाच्या डोहाची पातळी नव्याने पाहा. आणि पाया तोच राहिला आहे का, हेही पाहा. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. डोंगराच्या पायथ्याची माती एका रात्रीत कशी हलते, हे खालापूर तालुक्याला आता कोणी सांगायला नको. जुन्या वहीतली उंची दर वर्षी तपासून घेतलीच पाहिजे.

उरला शेवटचा दावा: लेझर आला, आता जुनी साधने कशाला? हा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो आळसाला शास्त्राचे नाव देतो. दाबमापक घ्या. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की उंची साधारण साडेआठ-नऊ मीटरने वाढते. एक माणूस माथ्यावर, एक पायथ्याशी, दोघांकडे आधी एकमेकांशी जुळवून घेतलेली साधने, आणि दोघांनी एकाच वेळी वाचन घ्यावे, तर लेझरच्या आकड्याला पूर्णपणे स्वतंत्र साक्ष मिळते. एकट्याने सकाळी पायथ्याशी आणि दुपारी माथ्यावर वाचन घेणारा मात्र फसतो. आपल्या अक्षांशांत हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमाराला चढतो आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरतो. हा फरक तीनेक मिलिबारचा, म्हणजे पंचवीस मीटरचा असू शकतो. मोबाइलच्या जीपीएसचे उभे माप त्याहून कच्चे. कड्याखाली अर्धे आकाश झाकलेले असते, संकेत कातळावर आपटून वळसा घेत येतात. शिवाय काही ॲप समुद्रसपाटी न धरता पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची दाखवतात, जी आपल्या किनारपट्टीवर साठ मीटरहून अधिक कमी येते. म्हणून जीपीएसला मी या खटल्यात साक्षीला बोलावत नाही.

आणि दोर. दोराला लेझरने निवृत्त केले असे म्हणणाऱ्यांनी एवढे सांगावे: माणूस शेवटी कशाला लटकतो, किरणाला की दोराला? दर पाच मीटरला खूण केलेला, टोकाला वजन बांधलेला दोर सोडून समोरच्या बाजूने दुर्बिणीतून पाहिले की टोक टेकले की नाही ते कळते. दोराचेही दोष आहेत. नवा स्टॅटिक दोर धुतल्यावर आकसतो, भाराखाली ताणतो, म्हणून त्याच्या खुणा मधूनमधून पोलादी टेपवर तपासाव्या लागतात. टप्प्यावर वेटोळे घालून पडला तर वरच्याला कळत नाही. नेमके हेच वेटोळे समोरून लेझरच्या भिंगातून दिसते. दोराची उणीव लेझर भरतो, लेझरची उणीव दोर भरतो. दोघांत पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजावे, आणि तोवर कुणाला खाली सोडू नये.

मग घ्यावे तरी काय? वनखात्याच्या आणि झाडे मोजणाऱ्यांच्या कामासाठी केलेली यंत्रे या कामाला सर्वांत जवळची. निकॉनची फॉरेस्ट्री प्रो मालिका दोन आणि तीन बिंदूंवरून उंची काढते. लेझर टेक्नॉलॉजीची ट्रूपल्स यंत्रे सर्वेक्षणासाठीच घडवलेली आहेत, महाग आहेत, पण त्यांच्या माहितीपत्रकात कोनाची अचूकता अंतराच्या शेजारीच सांगितलेली असते, आणि एवढ्यावरूनही ती कुणासाठी केली हे कळते. तीन बिंदूंची पद्धत वापरताना मात्र एक भान हवे: तिच्यात अंतर एकदाच घेतात आणि पुढे फक्त कोन, त्यामुळे कोनमापकाची खोड पुरती फिटत नाही. वरच्याच उदाहरणात एका मीटरच्या आसपास शिल्लक राहते. पायथा झाडीत बुडालेला असेल तरच तिचा आधार घ्यावा. बांधकामावर वापरतात ती लाल ठिपक्याची यंत्रे, लायकाची डिस्टो वगैरे, मिलिमीटरपर्यंत अचूक असतात. पण भर उन्हात काळ्या कातळावर तो ठिपका डोळ्यांना सापडत नाही. पन्नास-साठ मीटरच्या आतल्या धबधब्याच्या टप्प्याला, संध्याकाळच्या उजेडात, तिवईवर ठेवून ती उत्तम काम देतात. ज्याच्या गटाचे बहुतेक काम एवढ्याच उंचीचे आहे, त्याने हजार मीटरच्या यंत्राच्या वाटेला जाऊच नये.

दुकानातून यंत्र आणल्यावर कातळावर नेण्याआधी एक परीक्षा घ्यावी. दोन जागा निवडाव्यात, शंभरेक मीटर अंतरावर, एक थोडी उंच. दोन्ही जागी तिवई सारख्याच उंचीची लावावी. खालून वरच्या तिवईच्या डोक्यावर नेम धरून कोन वाचावा, मग यंत्र वर नेऊन तिथून खालच्या तिवईच्या डोक्यावर. एक कोन चढाचा, एक उताराचा, पण दोन्ही आकडे सारखेच यायला हवेत. न आले तर फरकाचा निम्मा हिस्सा ही त्या कोनमापकाची खोड. ती वहीच्या पहिल्या पानावर लिहावी आणि एका नेमाच्या किंवा तीन बिंदूंच्या प्रत्येक मापातून वजा करावी. फरक अर्ध्या अंशाच्या वर गेला आणि पुन्हा-पुन्हा घेतलेल्या वाचनांत बदलतही राहिला, तर पावती शोधून यंत्र परत करावे, मग त्याचा पल्ला दोन हजार मीटरचा का असेना.